भैरूचा हिवाळा

आपल्या देवांपैकी ज्यांच्या पायांशी कुत्रे उभे आहे, त्यांचे उत्सव नेमके थंडीच्या तोंडाशी येतात. कार्तिक वद्य अष्टमीला कालभैरवाची जयंती. त्याचे तर वाहनच कुत्रे. त्यानंतर पंधरवडा उलटतो न उलटतो तोच मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला खंडोबाची चंपाषष्ठी येते, आणि पौर्णिमेला दत्तजयंती. दत्ताच्या तसबिरीतील चार कुत्रे म्हणजे चार वेद, असे आम्हांला लहानपणी सांगत असत, आणि आम्ही मोठ्या आदराने त्या चौघांपैकी ऋग्वेद कोणता व सामवेद कोणता याचा वाद घालीत असू. परंतु तसबिरीतले कुत्रे खाली उतरून प्रत्यक्ष दाराशी आले, की त्याला ‘हाड’ म्हणून हाकलण्याची आपली रीतही तितकीच जुनी आहे. देवळात आरती चालू असते, चौघडा वाजत असतो, आणि पाकशाळेच्या मागच्या बाजूस विझलेल्या चुलीच्या राखेत एखादे मुटकुळे करून पडलेले असते. राखेची ऊब त्याने स्वतः शोधून काढलेली असते. ज्या महिन्यात आपण त्याच्या धन्याची पूजा करतो, त्याच महिन्यात हे घडते, एवढेच माझे म्हणणे.

आमचे कुलदैवत अंत्रुजात आणि आमचे वास्तव्य लष्करात. लष्कर म्हणजे ग्वाल्हेर शहराचा तो भाग, जेथे शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला आणि पुढे कधी उठलाच नाही. जी सारस्वत घराणी शिंदेशाहीच्या चाकरीसाठी गोमंतक सोडून उत्तरेत गेली, त्यांतलेच आमचे एक. पणजी-म्हापशाचे आमचे आप्त पारा विसाच्या किंचित खाली उतरला की कानटोपी शोधू लागतात. त्यांना ग्वाल्हेरच्या पौषाची कल्पना यावी कशी? येथे तो पारा चार-पाच अंशांपर्यंत घसरतो, आणि कित्येक दिवस धुके असे दाटते की सकाळचे दहा वाजले तरी डोक्यावरचा किल्ला दिसत नाही. अशाच एका पौषात, अकरा वर्षांपूर्वी, आमच्या शेजारच्या बंगल्यातील अधिकाऱ्यांची दूर बदली झाली. सामान गेले, माणसे गेली, आणि फाटकाशी एक काळाभोर, छातीवर व पायांवर तांबूस झाक असलेला, अस्वलासारखा केसाळ कुत्रा तेवढा मागे राहिला. वय वर्षभराचे. मुनस्यारीकडून आणलेला भोटिया जातीचा, मेंढपाळांचा कुत्रा तो. बर्फाच्या उतारावर वाढायचे जनावर ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणून ठेवणाऱ्याने काय विचार केला होता, तो त्यालाच ठाऊक. हौसेखातर असली पहाडी कुत्री मैदानात आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण मागे राहिलेल्याला मतांचा काय उपयोग! दोन दिवस तो त्या बंद फाटकाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर आला. काळा रंग आणि कालाष्टमी नुकतीच होऊन गेलेली, तेव्हा नाव आपसूकच भैरू पडले.

भैरूच्या थंडीविषयी आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांत प्रथमपासून दोन पक्ष होते. एक पक्ष म्हणे, ‘हा हिमालयातला. याला कसली थंडी? अंगणात खुशाल बांधून ठेवा.’ दुसऱ्या पक्षाची मंडळी कनवाळू. त्यांनी भैरूसाठी लोकरीचा अंगरखा विणून आणला, त्याच्या अंगावर रजाई घातली, आणि ती त्याने झटकून टाकल्यावर ‘बिचाऱ्याला कळत नाही’ असे म्हणून पुन्हा घातली. वकिलीच्या धंद्यात दोन्ही पक्षांचे ऐकून घेण्याची सवय जडते, म्हणून मी दोघांचेही ऐकले. विचारांती असे दिसले की दोन्ही पक्ष भैरूकडे न पाहता स्वतःच्या कातडीकडे पाहून बोलत आहेत. शिवाय कुत्रा म्हणजे सारा एकच, हा समजही त्यात आहेच. २००५ साली डाक खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत हिमालयी मेंढपाळ कुत्राही होता आणि मुधोळचाही. बेळगावकडच्या वाचकांना मुधोळच्या कुत्र्याची ओळख करून द्यावयास नको. मालोजीराव घोरपडे यांनी ज्याची जोपासना केली तो हा सडपातळ, आखूड केसांचा, अंगावर चरबीचे नाव नसलेला शिकारी. त्याला थंडीच्या रात्री पांघरूण दिले तर ते योग्यच होय. तेच पांघरूण भैरूच्या अंगावर म्हणजे कामात अडथळा.

कारण भैरूचे पांघरूण त्याच्या अंगातूनच उगवते, आणि ते एक नसून दोन आहेत. वरचे लांब, राठ केस पावसाचे व धुक्याचे थेंब अंगावरून निथळून जाऊ देतात. त्यांच्या मुळाशी, फणी खोल घातल्यावर दिसते ती राखट रंगाची दाट लव. कापसासारख्या मऊ अशा या लवेत हवा अडकून स्थिर राहते, आणि खरी ऊब त्या स्थिर हवेची असते. केस हे केवळ तिला धरून ठेवणारे राखणदार. आपण जुनी गादी पिंजून घेतो ती याचसाठी. कापूस तोच असतो, पण दबला की ऊब जाते. अंगरख्याने वा जड रजाईने ही लव दबते, आणि अंगरखा दवाने ओला झाला तर ऊब देण्याऐवजी उलट अंगातली उष्णता शोषून घेतो. दिवस लहान होऊ लागले की शरदात ही लव आपोआप दाट होते आणि वसंतात झडते. त्या दिवसांत आमच्या अंगणात एवढे केस निघतात की चिमण्यांची घरटी त्यावर होतात. नाक शेपटीत खुपसून तो वळकटीसारखा पडला म्हणजे उघडे अंग जवळजवळ राहतच नाही. पायाच्या तळव्यांची रचना तर नवलाची आहे. तळव्याकडे जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या आणि तेथून परतणाऱ्या गार रक्ताच्या वाहिन्या इतक्या लगत असतात की जाणारे रक्त येणाऱ्याला वाटेतच ऊन करून सोडते, आणि थंड फरशीवर उभा असूनही कुत्र्याचे पोट गारठत नाही. जपानी संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखविले आहे.

एवढे ऐकून पहिल्या पक्षाने विजयाची द्वाही फिरवू नये. जो त्या कुत्र्याला सर्वांत चांगला ओळखतो, तो पहाडातला मेंढपाळ काय करतो? कुमाऊंतले भोटिया असोत की हिमाचलातले गद्दी, उन्हाळ्यात ते मेंढ्या घेऊन उंच कुरणांवर जातात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी सारा संसार, मेंढ्या व कुत्रे यांसह खालच्या डोंगरांत उतरतात. बर्फात कुत्रा टिकतो म्हणून त्याला बर्फात सोडून कोणी येत नाही. तेथे थंडीपेक्षा बिबळ्याचे भय अधिक. तो झडप घालतो ती गळ्यावर, म्हणून या कुत्र्यांच्या गळ्यात बाहेरच्या अंगाने खिळे असलेला लोखंडी पट्टा बांधतात. तेव्हा ज्या कातडीवर निसर्गाने एवढी रास घातली आहे, तिच्यासाठीही माणसाला काही करावे लागतेच. फक्त काय करावे ते त्या जनावराला विचारून ठरवावे लागते, आणि ते जनावर सगळे शेपटीने सांगते असे नाही.

पहिले काम फणीचे. ग्वाल्हेरच्या माळावर गोखरू फार. भैरू फिरून आला की पोटाखाली आणि मांड्यांच्या मागे पाच-पन्नास काटे घेऊनच येतो. ते तसेच राहिले तर त्यांच्याभोवती केसांच्या जटा वळतात, जटेत हवा खेळत नाही, आणि तिच्याखालची कातडी दमट राहून चिघळते. वरून पाहणाऱ्यास कुत्रा भरघोस केसाळ दिसतो, आतून तो उघडा असतो. म्हणून रोज संध्याकाळी कोर्टातून आल्यावर अर्धा तास मी त्याच्या अंगावर फणी फिरवतो; पक्षकारांशी बोलण्यापेक्षा हे काम मला मनापासून आवडते. आंघोळ हिवाळ्यात शक्य तो नाहीच. घालावयाची झाली तर भर दुपारी, उन्हात, कोमट पाण्याने, आणि मग टॉवेलने पुसून लव मुळापर्यंत सुकेतो त्याला सावलीत जाऊ द्यायचे नाही. वरचे केस कोरडे लागतात म्हणून फसू नये. आतला ओलावा दोन-तीन तास टिकून असतो. आमच्या आळीतल्या एका घरी दिवाळीच्या साफसफाईच्या भरात कुत्र्याचे केस भादरून आणले. घरात केस नकोत, एवढाच हेतू. त्या गरीब प्राण्याने सारी थंडी जिन्याखाली थरथरत काढली. त्याला मात्र अंगरखा घालणे प्राप्त होते, आणि तो घालावयास कोणास सुचले नाही.

दुसरे काम बिछान्याचे. थंडी वरून लागते असे आपल्याला वाटते. निजलेल्या जनावराला ती खालून लागते. दगडी फरशी आणि सिमेंटची जमीन रात्रभर अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून निजण्याची जागा जमिनीपासून वीतभर उचललेली हवी. आम्ही सुताराकडून फळ्यांची पेटी करवून घेतली आणि तिला चार विटांवर ठेवले. सुताराने प्रथम माणूस उभा राहील एवढी ऐसपैस पेटी आखली होती. कुत्रा राजासारखा राहावा असा त्याचा भाव. परंतु एवढी पोकळी कुत्र्याला अंगच्या उष्णतेने तापविता येत नाही. आत शिरावे, वळावे, मुटकुळे करावे, एवढीच जागा पुरे. तोंड पश्चिमेच्या वाऱ्यापासून फिरवलेले, दारावर गोणपाटाचा पडदा, आत कोरडा पेंढा. पेंढा म्हणतो तो मुद्दाम. जुन्या चादरी-सतरंज्या दमट होतात आणि मग गारठतात. पेंढा पोकळ असतो, कुत्रा त्यात खोल शिरतो, आणि आठ दिवसांनी तो काढून नवा घालता येतो. पाण्याच्या भांड्याकडेही लक्ष हवे. थंडीत तहान लागत नाही असे मानून मंडळी भांडे रिकामे ठेवतात. पाणी बर्फासारखे झाले तर कुत्रा ते कमी पितो. सकाळ-संध्याकाळ कोमट करून दिले की भैरू भांडे चाटूनपुसून रिकामे करतो.

साखळीविषयी मात्र मला थोडे वकिली भाषेत बोलावे लागेल. पेटी कितीही उत्तम असो, कुत्रा तिच्या दाराबाहेर आखूड साखळीने अडकवलेला असेल तर ती पेटी शोभेची. दव पडू लागले, वारा फिरला, तर त्याला हलता आले पाहिजे; चालण्या-धावण्याने अंगात ऊब येते ती निराळीच. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा आपला कायदा २६ डिसेंबर १९६० चा, म्हणजे ऐन कडाक्याच्या दिवसांतला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी केलेल्या खटपटीचे ते फळ. त्याच्या ११ व्या कलमात अवास्तव आखूड वा अवास्तव जड साखळीने जनावराला अवास्तव काळ बांधून ठेवणे हा गुन्हा म्हटला आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा दुसरा, आणि पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे हा तिसरा. कलम वाचताना मन भरून येते. मग नजर दंडाकडे जाते. पहिल्या गुन्ह्याला दंड ठरवला तो कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. एवढ्या रकमेत आज साखळीही येत नाही. तीन वर्षांच्या आत तोच गुन्हा पुन्हा घडला तर १०० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे खरी. पण कुत्रा साक्षीला येत नाही, आणि शेजाऱ्याला शेजार राखायचा असतो. मी स्वतः वकीलपत्र घेऊन नव्हे, तर चहा घेता घेता दोघा-तिघांच्या अंगणातली साखळी सोडवली आहे. कलमाचा आकडा मध्येच सहज उच्चारावा. फार ताणू नये.

आता खाण्याकडे वळू. खाण्याविषयी आपल्या समाजात औदार्य पुष्कळ आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी माणूस नसेल. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला हिवाळ्यात अंग ऊबदार राखण्यासाठी अधिक अन्न लागते हे खरेच, आणि भाकरीला बोटभर तूप लागले तर भैरूही खूष असतो. परंतु वाटीभर तूप हे संतांनी द्यावे आणि देवाने पचवावे. साध्या कुत्र्याच्या पोटाला ते झेपत नाही. त्याहून नाजूक गोष्ट चंपाषष्ठीची. चातुर्मासात वर्ज्य केलेले कांदे-वांगे त्या दिवशी पुन्हा ताटात येते. वांग्याचे भरीत आणि बाजरीचा रोडगा असा नैवेद्य होतो, तळी भरली जाते, ‘येळकोट’ होतो, आणि खंडोबाचे म्हणून कुत्र्याला पान वाढले जाते. रीत मोठी गोड आहे, आणि ती मोडावी असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र भरितात कांद्याची पात असते, आणि कांदा, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नासवतो, लसणाचेही तेच. म्हणून आमच्याकडे भैरूच्या पानावर रोडगा आणि दूध असते, भरीत नसते. खंडेरायाने आजवर तक्रार केलेली नाही. संक्रांतीच्या सुमारास मनुका-बेदाण्यांचीही डबी घरात उघडी पडलेली असते. मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, आणि किती मनुकांनी होईल याचा नेम नाही, तेव्हा ती डबी उंच फळीवर जावी. गजकाचा तुकडा मुलांनी चोरून दिलाच, तर तेवढ्याकडे मी काणाडोळा करतो.

शेगडीचे तर नावच काढू नये असे वाटते, पण काढले पाहिजे. उत्तरेत कडाक्याच्या रात्री कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारे-खिडक्या लावून निजण्याची चाल आहे, आणि दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत तिच्यापायी गेलेल्या कुटुंबांची बातमी येते. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो, आणि शेगडीजवळ निजलेला कुत्राही. दाट केसांच्या कुत्र्याला आणखी एक भय आहे. केस होरपळेपर्यंत त्याच्या कातडीला आच जाणवत नाही, आणि म्हातारा कुत्रा तर आच जाणवूनही लवकर उठत नाही. विजेच्या उशा-गाद्यांचेही तेच. आमच्याकडे शेगडी अंगणातच पेटते, अंगणातच विझते, आणि भैरू तिच्यापासून दोन हात दूर बसावा एवढ्यासाठी तिच्याभोवती मी विटांचे कडे करून ठेवले आहे.

हे सर्व लिहिले ते भैरूच्या पहिल्या दहा हिवाळ्यांचे. त्या दहा हिवाळ्यांत त्याने आम्हांला फारशी काळजी दिली नाही. सकाळी उठावे तो पेटीबाहेर उघड्या अंगणात स्वारी आडवी पसरलेली, पाठीवरच्या केसांवर दवाचे मणी, आणि आत हात घालून पाहावे तो कातडी कढत. कुत्र्याच्या अंगाची उष्णताच आपल्याहून अधिक, १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट. आपल्या हाताला तो सदाच तापलेला लागतो. पण गेल्या मार्गशीर्षात एके सकाळी तो उठताना मागल्या पायांवर बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला, आणि मग उभा राहून थरथरू लागला. केस होते तेवढेच दाट होते. पशुवैद्यांनी सांधे चाचपले, वय विचारले, आणि सांगितले की पांघरूण शाबूत असले तरी आतली भट्टी आता मंद झाली आहे. रात्री याला घरात घ्या, वारा नसेल अशा ठिकाणी.

आमच्या वाड्यात वारा नसलेले ठिकाण एकच, माजघराला लागून असलेला बोळ. आणि पहाटे चार वाजता त्याच बोळातून आमचे अण्णाकाका सोवळ्याने देवघरात जातात. काकांचे वय ८४. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. दत्तजयंतीपूर्वी सात दिवस त्यांचे गुरुचरित्राचे पारायण असते, आणि त्या सात दिवसांचे नियम ते विद्यार्थ्याच्या निष्ठेने पाळतात. भैरूवर त्यांचा राग नव्हता. ओसरीवर बसून ते त्याच्याशी संस्कृतात बोलतही असत. प्रश्न फक्त उंबरठ्याचा होता, आणि पारायणाला चार दिवस उरले होते.

मी युधिष्ठिराला पुढे केले. महाप्रस्थानाच्या वाटेवर भाऊ आणि द्रौपदी गळून पडली, कुत्रा मात्र शेवटपर्यंत मागे आला. इंद्र रथ घेऊन आला तेव्हा ‘याला टाकून ये’ म्हणाला, आणि भक्ताचा त्याग ब्रह्महत्येसमान म्हणून युधिष्ठिराने तो नाकारला. काका हसले. म्हणाले, ‘वकीलसाहेब, प्रतिपक्षाचा युक्तिवाद गाळू नका. कुत्र्याची दृष्टी पडलेल्या यज्ञदानाचे पुण्य क्रोधवश हरण करतात, हे इंद्रानेच तेथे सांगितले आहे. आणि धर्मराजाने कुत्रा स्वर्गात नेण्याचा हट्ट धरला, देवघरात नव्हे.’ यावर उत्तर देणे सोपे नव्हते. काकांचा नेम मला खोटा वाटत नाही; ज्या नेमाने माणूस ८४ व्या वर्षी पहाटे चारला उठतो, त्याला मी रूढी म्हणून झिडकारू शकत नाही.

दोन दिवसांनी मी सरमेची गोष्ट काढली. महाभारताच्या शेवटी कुत्रा आहे हे सर्वांना ठाऊक असते. आरंभीही आहे हे पुष्कळ जण विसरतात. जनमेजय कुरुक्षेत्री सत्र करीत असता सरमेचे पिल्लू तेथे आले आणि जनमेजयाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नव्हते, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमा यज्ञभूमीवर येऊन विचारते, याचा अपराध काय? त्या सबंध राजसभेतून कोणी उत्तर देत नाही, आणि निरपराधाला मारल्याबद्दल अदृश्य भयाचा शाप देऊन ती निघून जाते. एवढ्या अफाट ग्रंथातली पहिली फिर्याद ही एका कुत्रीची, आणि प्रतिवादीकडून कैफियत दाखल झालेली नाही. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, ‘हे मी चाळीस वर्षे शिकवीत होतो.’

दुसऱ्या पहाटे कळले की काका बोळातून गेलेच नाहीत. ओल्या पंचाने, उघड्या अंगणातून, धुक्यातून मागच्या दाराने वळसा घालून ते देवघरात गेले होते. बोळ त्यांनी भैरूला सोडला होता. माझी पत्नी संतापली, आणि तिचा संताप सर्वस्वी रास्त होता. एकाची थंडी काढून ती ८४ वर्षांच्या दुसऱ्याच्या अंगावर घालणे याला व्यवस्था म्हणत नाहीत. तिने सरळ जाऊन काकांना विचारले, ‘काका, लोकरीला विटाळ असतो का हो?’ काका म्हणाले, ‘नाही. म्हणून तर धाबळी सोवळ्यात चालते.’ तिने कोनाड्यातली जुनी घोंगडी काढली आणि बोळात आढ्यापासून जमिनीपर्यंत मधोमध टांगली. एका अंगाला भैरूची बाज, दुसऱ्या अंगाने काकांची वाट. काकांनी पडदा हाताने चाचपून पाहिला, शास्त्रार्थ मनाशी घोळवला, आणि ओल्या पंचाऐवजी धाबळी नेसून त्याच वाटेने जाऊ लागले. दोन महिने सर्दीने हैराण होणारे काका त्या वर्षी शिंकलेही नाहीत, हा लाभ कोणी गृहीत धरलेला नव्हता.

यंदा भैरू बारा वर्षांचा झाला. त्याच्या बाजेवर पेंढ्याऐवजी आता जाड गादी आहे, कारण कोपरांना घट्टे पडतात. फरशीवर गोणपाट अंथरले आहे, कारण गुळगुळीत जमिनीवर त्याचे मागले पाय घसरतात. नखे दर पंधरवड्याला कापतो. काकांचे पारायण चालू असले की तो पडद्यापलीकडे निजून असतो, आणि अध्याय संपता संपता एकदा मोठ्याने सुस्कारतो. पण एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही मनाप्रमाणे झालेली नाही. पहाटे तीनच्या सुमारास, बाहेर पाच अंशांची थंडी असली तरी, तो बाजेवरून सावकाश उतरतो आणि अंगणात जाऊन पाऊण तास धुक्यात बसतो. अडवले तर दाराशी उभा राहून बघत राहतो. पशुवैद्य म्हणाले, जाऊ द्या, परत येताना पुसून घ्या. म्हणून मागचे दार आता हातभर उघडे ठेवावे लागते, उशाशी जुना टॉवेल असतो, आणि दाराच्या फटीतून येणारा वारा बोळभर फिरतो. काका त्याविषयी काही बोलत नाहीत. घोंगडी तेवढी त्यांनी स्वतःच्या बाजूला आणखी थोडी ओढून घेतली आहे.